उन्हाळ्यांतील बाग आणि पाण्याचा जमाखर्च

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे घरोघरीं दोन गोष्टी एकाच वेळीं सुरू होतात. विहिरीचें, नळाचें व टाकीचें पाणी कमी होऊं लागतें आणि अंगणांतील झाडांची तहान वाढूं लागते. ज्या महिन्यांत जमा घटते त्याच महिन्यांत खर्च वाढतो. असा प्रसंग पैशाच्या बाबतींत आला तर कोणताही सुज्ञ गृहस्थ वही काढून बसतो. कोणता खर्च अवश्य, कोणता पुढें ढकलण्याजोगा आणि कोणता केवळ हौसेचा, याची छाननी करतो. पाण्याच्या बाबतींत मात्र हाच गृहस्थ संध्याकाळीं हातांत नळी घेऊन अंगणांत उभा राहतो, आणि दिसेल त्या पानावर, भिंतीवर व फरशीवर धार सोडून बाग थंड केल्याचें समाधान मानतो. या मासीं आम्ही आमच्या वाचकांपुढें पाण्याची ही वही उघडून ठेवूं इच्छितों.

प्रथम आंकडे पाहूं. जमिनीवर एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर म्हणजे दर चौरस मीटरास बरोबर एक लिटर पाणी, हें गणित शाळेंतील मूलही करील. दख्खनच्या पठारावर मे महिन्यांत उघड्या पात्रांतील पाणी दिवसाला आठ-दहा मिलिमीटर सहज आटतें. हिरवळीचें गवत त्याच्या निम्म्याहून अधिक पाणी पानांवाटे व मातींतून उडवून टाकतें. आपण हात राखूनच हिशेब करूं आणि हें प्रमाण दिवसाला पांच मिलिमीटर धरूं. घरापुढें दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद हिरवळ असेल, तर ती हिरवीगार ठेवण्यास रोज पांचशें लिटर पाणी लागेल. उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले तर पन्नास हजार लिटर झालें.

हा आंकडा कशाशीं ताडून पाहावा? केंद्र सरकारनें २०१९ सालीं जल जीवन मिशन सुरू केलें, तेव्हां खेड्यांतील माणसाला पिणें, रांधणें, स्नान व धुणें या सर्वांस मिळून दररोज ५५ लिटर पाणी पोंचवावें असें प्रमाण धरलें. म्हणजे आपली ही बेताची हिरवळ रोज नऊ माणसांचें पाणी पिते. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हां मिरजेहून आगगाडीनें तेथें पाणी न्यावें लागलें. त्या पहिल्या गाडीस टाकीचे दहा डबे होते आणि दर डब्यांत सुमारें पन्नास हजार लिटर पाणी होतें. एका बंगल्यापुढील हिरवळीचा एका उन्हाळ्याचा खर्च म्हणजे त्या गाडीचा एक भरलेला डबा, हें समीकरण आमच्या वाचकांनीं एकदां मनांत घोळवावें अशी आमची विनंती आहे.

यावरून बाग नसावी असा अर्थ कोणी काढूं नये. देवपूजेला दारचें फूल, आमटीला दारचा कढीलिंब आणि दुपारीं मुलांना खेळावयास आंब्याची सावली हें गृहस्थाश्रमाचें भूषणच आहे. शिवाय सावलीचीं झाडें घर निववितात. आमचें सांगणें इतकेंच कीं, झाड पाणी मुळानें पितें. म्हणून पाणी मुळाला, लागेल तेव्हां, लागेल तेवढें द्यावें. आणि सर्वांना पुरणार नसेल, तर कोणाला आधीं व कोणाला शेवटीं, याचा क्रम घरांतील वडील मंडळींनीं वैशाखापूर्वींच ठरवावा.

पाणी केव्हां द्यावें याविषयीं आपले पूर्वज कांहीं अजाण नव्हते. सहाव्या शतकांत होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूगर्भांतील पाणी शोधण्याचें प्रकरण आहे आणि त्याच्या लगतच वृक्षायुर्वेदाचें प्रकरण आहे. पाणी कोठें मिळेल हें सांगून झाल्यावर झाडें कशीं जगवावीं हें सांगणें, हा क्रमच मोठा मार्मिक आहे. तेथें पाण्याचा नियम असा दिला आहे कीं, ग्रीष्मांत सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यांत एक दिवसाआड आणि पावसाळ्यांत भूमि सुकेल तेव्हां पाणी घालावें. पुष्कळ लोक यांतील पहिला भाग तेवढा ध्यानांत ठेवतात व वीस वर्षांच्या आंब्यालाही दोन वेळां पाणी पाजतात. परंतु ग्रंथकारानें हा नियम ‘रोपित’ वृक्षांसाठीं सांगितला आहे, हें ते विसरतात. ज्याचीं मुळें अद्याप वीतभरही खोल गेलेलीं नाहींत अशा नव्या रोपाला दोन वेळां पाणी हवें. ज्यानें जमिनींत आपला संसार थाटला आहे त्याला नको. आणि नियमाच्या शेवटच्या भागांत तर सर्व मर्म आलें आहे. भूमि सुकली आहे कीं नाहीं हें भूमीलाच विचारावें, घड्याळाला विचारूं नये.

भूमीला विचारण्याची रीत सोपी आहे. आळ्यांतील मातींत बोट दोन पेरें खुपसून पाहावें. वरची माती कोरडी असून खालीं ओल लागली तर त्या दिवशीं पाणी देण्याचें कारण नाहीं. मोठ्या झाडासाठीं लोखंडाची बारीक सळई मातींत दाबावी. ओल्या मातींत ती सहज उतरते, कोरड्या थराशीं अडते. दुपारीं जास्वंदीनें किंवा भोपळ्याच्या वेलानें माना टाकल्या म्हणजे घरांतील दयाळू मंडळी झारी घेऊन धांवतात. परंतु प्रखर उन्हांत पानें जितकें पाणी उडवितात तितकें मुळांना तत्काळ ओढतां येत नाहीं, म्हणून ओल असतांनाही झाड मलूल दिसतें व संध्याकाळीं आपोआप सावरतें. खरी परीक्षा पहांटे करावी. पहांटेही पानें लोंबत असतील तर झाड तहानलेलें आहे असें समजावें. मातीला तपासल्याशिवाय रोज पाणी ओतीत राहिलें तर मुळांची हवा कोंडते, तीं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचें झाड तहानलेल्या झाडासारखेंच मलूल दिसतें. मग त्याला आणखी पाणी घालण्यांत येतें, आणि तें दयेनें मरतें.

वेळेविषयीं सांगावयाचें तर देशावरील कोरड्या हवेंत सकाळ व संध्याकाळ दोन्ही चालतील. कोंकणांतील दमट हवेंत मात्र सकाळच बरी, कारण रात्रभर ओलीं राहिलेलीं पानें बुरशीला आमंत्रण देतात. नऊ वाजल्यानंतर व पांच वाजण्यापूर्वीं नळी उचलूं नये. तेव्हां दिलेल्या पाण्याचा बराच वांटा सूर्यनारायणच घेऊन जातो.

आतां किती द्यावें हें पाहूं. एक चौरस मीटराच्या आळ्यांत पंचवीस लिटर पाणी घातलें तर मध्यम प्रकारच्या जमिनींत तें सुमारें वीतभर खोल जातें. त्याच आळ्यांत रोज दोन-तीन लिटर शिंपडलें तर तें दोन बोटांच्या खालीं उतरत नाहीं व दुपारपर्यंत उडून जातें. जेथें पाणी तेथें मुळें, हा वनस्पतींचा स्वभावच आहे. रोज थोडें शिंपडणाऱ्या घरच्या झाडांचीं मुळें वरच्यावर पसरतात आणि चार दिवस घराला कुलूप लागलें कीं तीं झाडें करपतात. आठवड्यांतून एक-दोनदां पोटभर पाणी मिळणाऱ्या झाडांचीं मुळें ओलीच्या मागें खोल जातात आणि तीं झाडें तुमच्या यात्रेच्या काळांतही तग धरतात. मुलांचेंही असेंच असतें, परंतु तो विषय आजचा नव्हे.

संस्कृतांतील ‘आलवाल’ तेंच आपलें मराठी आळें. कालिदासानें रघुवंशांत वसिष्ठांचा आश्रम वर्णिला आहे, तेथें मुनिकन्या झाडांना पाणी घालून लगेच बाजूला होतात, कारण आळ्यांतील पाणी पिणाऱ्या पक्ष्यांना भय वाटूं नये. पाणी आळ्यांतच थांबलें पाहिजे, वाहून रस्त्यावर जातां कामा नये, ही गोष्ट त्या वर्णनांत ओघानेंच आली आहे. आळें मात्र बुंध्याला चिकटून करूं नये. पाणी ओढणारीं बारीक मुळें झाडाच्या घेराच्या कडेखालीं, जेथें फांद्यांचीं टोंकें येतात तेथें, अधिक असतात. म्हणून बुंध्याभोंवतीं मातीचा उंचवटा ठेवून त्याच्या बाहेर गोल चर काढावा व त्यांत पाणी सोडावें. त्यायोगें बुंधाही कुजत नाहीं.

नळीनें पाणी घालणाऱ्या मंडळींस आम्ही एक प्रयोग सुचवितों. पंधरा लिटरांची बादली ठेवून ती आपल्या नळीनें किती वेळांत भरते हें घड्याळ लावून पाहावें. घरगुती नळी मिनिटास दहा-पंधरा लिटर सहज सोडते. अर्धा तास गप्पा मारीत नळी धरली तर तीनशें ते साडेचारशें लिटर पाणी गेलें. बादलीनें व झारीनें घालणाऱ्याला आपण किती घातलें हें आपल्या खांद्यावरूनच कळतें. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत आश्रमकन्या आपापल्या शक्तीला झेपतील असे लहानमोठे घट घेऊन येतात. घट उचलण्याचे श्रम हेंच त्यांचें पाण्याचें माप होतें. यंत्रानें श्रम वांचविले हें चांगलेंच झालें. परंतु श्रमाबरोबर मापही गेलें, तें आपण आपल्या हातांनीं परत आणिलें पाहिजे.

दिलेलें पाणी जमिनींत राखणें ही दुसरी विद्या होय. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते व त्या भेगांतून खालची ओल निघून जाते. म्हणून पाणी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं, वाफसा येतांच, खुरप्यानें वरची माती बोटभर हलवून भेगा बुजवाव्या. एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी असें शेतकरी मंडळी म्हणतात, तें यासाठींच. त्याहून सोपा उपाय म्हणजे आच्छादन. झाडलेला पालापाचोळा जाळून किंवा कचऱ्याच्या गाडींत टाकून देणारीं घरें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. तोच पाला आळ्यांत तीन-चार बोटें जाड पसरला तर उन्हाचा मारा मातीवर पडत नाहीं, ओल टिकते, तण कमी होतें व पुढें त्याचेंच खत होतें. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि घराच्या जोत्याला लागून पाला पसरूं नये, कारण आपल्याकडे वाळवीचें भय असतें. अधूनमधून पाला उलटून पाहावा. कोंकणांत नारळाचीं सोडणें विपुल असतात. तीं पोकळ बाजू वर करून नारळाभोंवतालच्या चरांत पुरलीं म्हणजे पाणी धरून ठेवतात व सावकाश सोडतात.

वैशाखमासीं शिवलिंगावर गलंती बांधण्याची चाल आमच्या वाचकांस सांगावयास नको. छिद्र पाडलेल्या पात्रांतून थेंबथेंब पाणी अखंड पडत राहतें. एका घागरींत देवाला दिवसभर गारवा मिळतो. हल्लीं शेतांत ज्याला ठिबक म्हणतात त्याचें तत्त्व हेंच आहे. घरच्या बागेला बाजारांतील ठिबकच्या बारीक नळ्या बसविल्या तर उत्तमच, परंतु तितका खर्च नको असेल तर कुंभाराचें मडकें पुरेसें आहे. रोगण न लावलेलें, भाजलेल्या मातीचें मडकें वेलाजवळ गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें व वर झांकण ठेवावें. भोंवतालची माती सुकली कीं ती मडक्याच्या अंगांतून पाणी ओढते. ओली असली कीं ओढणें मंदावतें. झाडाच्या गरजेप्रमाणें वाढणारा इतका शहाणा वाढपी दुसरा मिळणार नाहीं. चीनमध्यें इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील शेतीच्या एका ग्रंथांत वेलांजवळ मडकीं पुरण्याची हीच रीत वर्णिली आहे. काकडी, दुधी, कारलें, टोमॅटो यांना ही फार मानवते. पाणी क्षारयुक्त असेल तर कांहीं वर्षांनीं मडक्याचीं छिद्रें बुजतात. तेव्हां मडकें बदलावें.

गच्चीवरील व सज्जांतील कुंड्यांचा प्रश्न निराळा. कुंडींतल्या मुळांना खोल जाण्यास जागाच नसते, म्हणून त्यांना उन्हाळ्यांत रोज पाणी लागतें. परंतु कुंड्या एकमेकींस चिकटून, पूर्वेकडे, मोठ्या झाडांच्या आडोशास ठेवल्या आणि तापलेल्या गच्चीवर विटांचा आधार देऊन उंच केल्या, तर त्यांची तहान पुष्कळ कमी होते. कुंडीखालच्या ताटलींत पाणी सांचूं देऊं नये. सांचलें तर आठवड्यांतून एकदां तरी ती पालथी घालून कोरडी करावी, कारण डेंग्यूचे डांस अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यांत वाढतात.

घरांत वापरलेल्या पाण्याचाही हिशेब असावा. आपल्या जुन्या वाड्यांत न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू व कर्दळ हीं ठरलेलीं असत. तांदूळ-डाळीचें धुवण व भाजी धुतलेलें पाणी कोणत्याही झाडाला निःशंक घालावें. साबणाचें मात्र तसें नाहीं. पूर्वीं शिकेकाई व रिठे असत. हल्लींच्या धुण्याच्या पुडींत सोडियमचे क्षार असतात व ते काळ्या मातीचा पोत बिघडवितात. म्हणून कपड्यांच्या पहिल्या पाण्याला मोरीची वाट दाखवावी. शेवटच्या खळबळीचें पाणी मोठ्या झाडांना आलटून पालटून द्यावें. पाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें आतां घरोघरीं आलीं आहेत. त्यांपैकीं पुष्कळ यंत्रें एक लिटर शुद्ध पाण्यामागें दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतात. तें घाण नसतें, पण मूळ पाण्यापेक्षां खारट असतें. फरशी पुसण्यास तें उत्तम. बागेंत घालावयाचें तर साध्या पाण्यांत मिसळून घालावें, कुंड्यांना घालूं नये. नारळ अशा पाण्याचें फारसें मनावर घेत नाहीं.

आतां पुन्हां हिरवळीकडे वळूं. कापून समतल केलेली हिरवळ ही पावसाळी, थंड हवेच्या इंग्लंडांतून साहेबांच्या बंगल्यांबरोबर आपल्याकडे आली. तेथें आकाश तिला वर्षभर पाणी देतें. येथें आठ महिने यजमानानें द्यावें लागतें. तिच्यांत पुष्कळदां जें गवत असतें तें म्हणजे आपली हरळी, जिच्या कोंवळ्या तुऱ्यांना आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतों. हिचा स्वभाव असा कीं, पाणी तुटलें म्हणजे पानें पिंवळीं पडतात, पण जमिनींतील कांड्या जिवंत राहतात आणि पहिल्या पावसानें पुन्हां फुटतात. पिंवळी हरळी मेलेली नसते, निजलेली असते. म्हणून तिला उन्हाळ्यांत खुशाल निजूं द्यावें. तुडवूं नये, खत घालूं नये, कापणें थांबवावें आणि दोन-तीन आठवड्यांनीं एकदां हलकें पाणी दाखवावें, म्हणजे झालें. फार हौस असेल तर देवपूजेपुरता हातभर तुकडा हिरवा राखावा.

हें सांगणें सोपें, घरांत गळीं उतरविणें कठीण. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत कांहीं वर्षांपूर्वीं याच गोष्टीवरून बरीच वादावादी झाली. वैशाखांत नातवाची मुंज होती. थोरल्या काकांनीं ती घरच्याच अंगणांत करण्याचें योजिलें होतें आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत भरावी म्हणून हिरवळीवर सकाळ-संध्याकाळ नळी चालू होती. विहिरीनें तळ दाखविला तेव्हां धाकट्या भावानें हिरवळ सोडून द्यावी असें सुचविलें. काका म्हणाले, “चार लोक येणार, अंगण उजाड दिसलें तर लोक काय म्हणतील?” सुनांचें लक्ष मोगऱ्याकडे व भाजीच्या वाफ्यांकडे. कोणाचें एकमत होईना.

त्या घरीं कामाला येणारी बाई एके दिवशीं फार उशिरां आली. आजींनीं सहज विचारलें, “कां ग, आज इतका वेळ?” ती म्हणाली, “आजी, आमच्या वस्तींत टँकर पहांटे चारला येतो म्हणाले होते, तो आठला आला. तीन हंडे मिळाले.” इतकें बोलून, रोजच्या सवयीनें, तिनें पदर खोंचला आणि हिरवळीवर पाणी सोडण्यासाठीं नळी हातीं घेतली. आजी ओट्यावर बसून पाहत होत्या. त्यांनीं तिला हांक मारून नळी खालीं ठेवावयास सांगितलें, आणि थोरल्या मुलाला बोलावून एवढेंच म्हणाल्या, “परवां अक्षय्य तृतीयेला तूं ब्राह्मणाला उदककुंभ देणार ना? मग हिच्या हातून हें पाणी मातींत कां ओतवतोस?”

काकांनीं त्यावर वाद घातला नाहीं. त्याच संध्याकाळीं आजींनीं सर्वांना बसवून बागेचा क्रम लावला. “जें झाड व्हायला दहा वर्षें लागलीं त्याला आधीं पाणी. ज्याचें बीं पुडींत मिळतें त्याला शेवटीं,” हें त्यांचें सूत्र. त्याप्रमाणें परसांतील लिंबू, चिकू, नारळ व दोन वर्षांचें फणसाचें रोप पहिल्या वर्गांत आलें. तुळस व कढीलिंब, घरांत नित्य लागणारे म्हणून, त्यांच्याच पंक्तीस बसले. मोगरा, अनंत व जास्वंद दुसऱ्या वर्गांत. भाजीचे वाफे निम्मे करून त्यांत मडकीं पुरलीं. हंगामी फुलझाडें व हिरवळ शेवटीं, म्हणजे त्या वर्षापुरतीं बाद. जुन्या आंब्याला, ज्याचीं मुळें कोणाच्याही बादलीपेक्षां खोल गेलीं होतीं, कांहींच न देण्याचें ठरलें. त्या दिवसापासून बाईनें निघतांना दोन हंडे विहिरीवरून भरून न्यावे असेंही आजींनीं सांगितलें, आणि धाकटा नातू ते हंडे सायकलीवरून पोंचवूं लागला. मुंजीच्या दिवशीं अंगणांत मांडव पडला, त्यावर सतरंज्या आल्या; खालचें गवत हिरवें होतें कीं पिंवळें याची चौकशी एकाही पाहुण्यानें केली नाहीं. आषाढांत तीच हरळी काकांच्या घोट्यापर्यंत आली.

या कुटुंबाची गोष्ट आम्हीं विस्तारानें सांगितली, कारण पाण्याचा प्रश्न पुस्तकी युक्त्यांनीं अर्धाच सुटतो. आळें, आच्छादन, मडकें यांनीं पाणी वांचतें. परंतु वांचलेलें पाणी कोणाचें, हें ठरविल्याशिवाय तें पुन्हां कोठें तरी सांडतें. एका विहिरीचे झरे शेजारच्या विहिरीच्या झऱ्यांना लागून असतात. एका गल्लींतील नळ एकाच मोठ्या नळावरून येतात. आपल्या कुंपणाच्या आंत आपण जें जास्त ओढतों तें कुंपणाच्या बाहेर कोणाला तरी कमी पडतें. तें कमी कोणाला पडलें हें पुष्कळदां आपल्याला दिसत नाहीं, इतकेंच. आणि कधीं कधीं तर तें माणूस रोज आपल्याच दारांतून आंत येत असतें.

म्हणून आमच्या वाचकांनीं या आठवड्यांत तीन गोष्टी कराव्या. नळीचें माप घड्याळ लावून घ्यावें. बागेंतील प्रत्येक झाडाचें वय व गरज पाहून त्यांचे तीन वर्ग एका कागदावर मांडावे व तो कागद मोरीजवळच्या भिंतीला लावावा. मुलांच्या हातीं ही वही दिली तर तीं ती मोठ्यांपेक्षां काटेकोर ठेवतात, असा आमचा शाळेंतील अनुभव आहे. आणि तोंपर्यंत पाला जाळूं नये. मृग लागेपर्यंत नवें झाड लावूं नये, मोठी छांटणी करूं नये, कारण छांटलेल्या झाडाला नवी पालवी फुटते व ती नवें पाणी मागते.

पावसाळा आला म्हणजे ही वही मिटावयाची नाहीं. त्या वेळीं तिच्या जमेच्या पानावर लिहावयाचें असतें. शंभर चौरस मीटरांच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं शंभर लिटर पाणी झालें. पुण्यासारख्या गांवीं वर्षाला सातशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो; म्हणजे एका छपरावर सत्तर हजार लिटर पाणी आकाशांतून येतें, आणि बहुतेक घरीं तें पन्हळीवाटे गटारांत जातें. तें आपल्या विहिरींत व जमिनींत कसें उतरवावें, पहिल्या पावसाचें पाणी कां सोडून द्यावें आणि पन्हळीला गाळणी कशी बसवावी, याचा विचार आपण पुढील अंकीं करूं. तोंपर्यंत पन्हळींतील वाळलेलीं पानें तेवढीं काढून आळ्यांत घालावीं. दोन्ही ठिकाणचें काम होईल.